उत्तर आधी, रीडिंग नंतर

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी फिजिक्सच्या लॅबमध्ये मी 'न्यूटन्स रिंग्ज'चा प्रयोग केला. खाली सपाट काच, तिच्यावर भिंग, बाजूला सोडियमचा पिवळा दिवा. मायक्रोस्कोपमधून पाहिलं की वर्तुळांच्या मधोमध काळा ठिपका दिसायला हवा. मला तिथे उजेड दिसला. सरांना हाक मारली. ते लांबूनच म्हणाले, "सेंटर डार्क लिही. रीडिंग सिनियरच्या जर्नलमधून घे, बॅच संपत आलीय."

लिहिलं. आलेखावरचे सगळे बिंदू मुकाट एका रेषेत उभे राहिले. पैकीच्या पैकी मार्क.

उजेड का होता, हे नंतर स्वतः वाचून कळलं. भिंग आणि काच यांच्यामध्ये धूळ असली की दोन्ही नीट टेकत नाहीत, आणि मधला ठिपका उजळ दिसू शकतो. म्हणजे त्या दिवशी मला फिजिक्स शिकवू शकली असती ती धूळ. तीच आम्ही जर्नलमधून पुसून टाकली.

माझा राग सरांवर नाही. वीस मुलं, दोन मायक्रोस्कोप आणि दोन तास यांत कुणीही तेच म्हणेल. राग मार्कांच्या पद्धतीवर आहे. हजेरी, वेळेवर सबमिशन, सुबक आकृती आणि पुस्तकातल्या किमतीशी जुळणारं उत्तर, मार्क मिळतात ते एवढ्याचे. मग हुशार मुलगा उत्तरापासून उलटा निघतो. आधी त्रिज्या, मग व्यास, आणि खरं वाटावं म्हणून शेवटच्या आकड्यात चिमूटभर चूक.

"फिजिक्स कुठे उपयोगी पडलं?" असं मित्र विचारतात. पडलं ना! पहिल्या नोकरीत रिलीजच्या रात्री एक टेस्ट फेल होत होती. मी कोड तपासला नाही, टेस्टमधलं अपेक्षित उत्तरच बदललं. टेस्ट पास झाली. आठवड्याभरात ग्राहकांच्या बिलांच्या बेरजा चुकलेल्या निघाल्या. हात माझा होता, सवय लॅबमधली.

१८८७ साली मायकेलसन आणि मोर्ली यांना प्रकाशाचे पट्टे ०.४ पट्ट्याइतके सरकतील अशी अपेक्षा होती. ते जवळपास सरकलेच नाहीत, आणि दोघांनी तसंच छापलं. आमच्या लॅबमध्ये त्यांनी ०.४ लिहून सही घेतली असती.

म्हणून मागणी साधी आहे. उत्तर जुळल्याचे मार्क शून्य करा. रीडिंग त्याच दिवशी पेनाने लिहून त्यावर सही घ्या. अर्धे मार्क 'उत्तर का चुकलं' याच्या कारणांना द्या. दहा प्रयोगांऐवजी पाच ठेवा, पण प्रत्येक दोनदा करू द्या. मुलं आळशी होतील म्हणता? चुकीचं उत्तर समजावणं हे बरोबर उत्तर छापण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. एकदा करून बघा.

तुमचं जर्नल अजून माळ्यावर असेल तर काढा. त्यातलं एक तरी रीडिंग तुमचं आहे का?