अवकाळीतला खोकला आणि आजीची मोजणी

होळी होऊन गेली, मुलांच्या गळ्यातल्या साखरेच्या गाठी अजून संपायच्या आहेत, आणि आभाळ मात्र आषाढासारखे भरून आलेले. असे दिवस आपल्या परभणी-नांदेडकडे आता नवे राहिलेले नाहीत. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्याला गारपिटीने जे झोडपले, ते ज्यांनी पाहिले ते फाल्गुन-चैत्रात वीज कडाडली की आजही दचकतात. गहू कापून पडलेला असतो, हरभऱ्याची गंजी उघडी असते. चुडावा, पूर्णा, वसमत या पट्ट्यात हळदीची काळजी तर त्याहून मोठी. शिजवलेली हळद वाळायला दहा-पंधरा दिवस लागतात आणि ऐन वाळवणात ती भिजली तर रंगही जातो आणि भावही जातो. साहजिकच घरातली कर्ती माणसे ताडपत्र्या घेऊन आखाड्यावर धावतात. घरी उरतात आजी-आजोबा आणि पाच वर्षांच्या आतली नातवंडे.

आजचा लेख या घरी उरलेल्यांसाठी आहे. विषय साधा वाटेल: लहान मुलाचा खोकला. परंतु खोकल्याच्या शंभर मुलांमधून न्यूमोनियाचे एक मूल वेळेवर ओळखणे हे काम या दिवसांत डॉक्टरच्या आधी तुमच्याकडे येते, आणि ते तुम्हांला उत्तम जमू शकते, असे माझे अनुभवाचे मत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. अंगणात गारा वेचताना मूल भिजले म्हणून त्याला न्यूमोनिया होत नाही. (वाटीत गोळा केलेल्या गारा खाल्ल्या तर काय होते, असे मला दरवर्षी विचारले जाते. गारेपेक्षा ती जिथून उचलली त्या अंगणातली घाण वाईट, आणि त्याहून वाईट विजा होत असताना मूल उघड्यावर असणे. विजा होत असतील तर मुलाला पक्क्या घरात घ्यावे. झाडाखाली तर मुळीच उभे करू नये.) न्यूमोनिया जंतूंमुळे होतो, विषाणूंमुळे किंवा जिवाणूंमुळे, आणि ते एकाच्या श्वासातून दुसऱ्याच्या श्वासात जातात. पावसाळी हवेत आपण दारे-खिडक्या लावून घेतो, एका खोलीत सहा-सात माणसे कोंडून बसतात, एक पोर शिंकते आणि चौथ्या दिवशी सगळ्यांची नाके वाहू लागतात. पाऊस एवढेच करतो की आपल्याला आत कोंडतो.

दुसरी गोष्ट धुराची. घरात गॅस असला तरी आंघोळीचे पाणी पुष्कळ ठिकाणी अजून चुलीवरच तापते. अवकाळीने पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या भिजलेल्या असतात. त्या पेटत नाहीत, नुसत्या धुमसतात. त्यात दार बंद. या धुराने मुलाच्या श्वासनलिकांचे आतले अस्तर सुजते आणि जंतूंना बाहेर लोटण्याची त्यांची ताकद कमी होते. म्हणून या दिवसांत चूल ओसरीत किंवा आडोशाला बाहेर न्यावी, ते शक्य नसेल तर समोरासमोरची दोन झरोकी तरी उघडी ठेवावीत, आणि ओले सरपण तापत असताना मूल त्या खोलीत असू नये. बाळंतिणीच्या खोलीत ओवा, शेपा आणि लसणाच्या साली निखाऱ्यावर टाकून बाळाला धुरी देण्याची आपल्याकडे रीत आहे. तुमच्या सासूबाईंनी ती दिली, तुम्ही दिली, मुले वाढलीही. हे मला ठाऊक आहे. तरीही ती आता थांबवावी, असे मी आग्रहाने सांगतो. तेलाने मालीश करा, कोमट पाण्याने न्हाऊ घाला, टोपडे बांधा. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. परंतु नाकात तेलाचे थेंब सोडू नयेत, ते फुप्फुसात उतरते. छातीला कापूर चोळू नये. लहान बाळाला कापूर विषारी ठरू शकतो, त्याने झटके येतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

गेल्या काही वर्षांत अशा दिवसांत माझ्याकडे आलेल्या बाळांच्या हकिगती ताडून पाहिल्या, तर त्यांत एक गोष्ट वारंवार आढळते. आजीला आधी कळलेले असते. दुसऱ्या दिवशीच तिने म्हटलेले असते, ‘पोरगं बरं दिसत नाही, पोट उडतंय त्याचं.’ तिने आखाड्यावर फोनही केलेला असतो. तिकडून उत्तर येते, ‘माय, दात येत असतील. हळद झाकतो अन् संध्याकाळी येतो.’ संध्याकाळी पुन्हा पाऊस येतो. मुलगा निष्काळजी नसतो. त्याच्या डोळ्यांसमोर वर्षाचे उत्पन्न भिजत असते, आणि आजीचे ‘बरं दिसत नाही’ हे त्याला दर आठ दिवसांनी ऐकू येणारे वाक्य असते. एक पूर्ण दिवस असा जातो. न्यूमोनियात बाळाच्या हातात फार दिवस नसतात. पाच वर्षांखालील सात लाखांहून अधिक मुले जगात दरवर्षी या आजाराने दगावतात, आणि उशीर हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

आजीच्या शब्दाला वजन यावे असे वाटत असेल, तर तिच्या हाती एक आकडा दिला पाहिजे. ‘बरं दिसत नाही’ हे बाजूला ठेवता येते. ‘एका मिनिटात अठ्ठावन्न श्वास’ हे बाजूला ठेवता येत नाही. मुलगा ठेवू शकत नाही आणि दवाखान्यातला डॉक्टरही ठेवू शकत नाही.

ही कल्पना माझी नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुईणींना मुलांतला न्यूमोनिया ओळखायला व त्यावर औषध द्यायला शिकवले. बालमृत्यू घटल्याचा त्यांचा निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अडचण अशी होती की, पुष्कळ सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नसे. त्यावर त्यांनी एक साधे यंत्र तयार केले: मिनिटभराची वाळूची घटिका आणि शेजारी सरकते मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलात तर श्वास जलद, म्हणजे न्यूमोनियाची शंका. अक्षर न ओळखणाऱ्या स्त्रिया हे करू लागल्या. आपल्या घरी भिंतीवर घड्याळ आहे, मोबाइल आहे, आणि मण्यांच्या जागी या हंगामात हरभरे आहेत.

मोजण्याची पद्धत अशी. मूल शांत असताना किंवा झोपलेले असताना मोजावे. रडत असताना, दूध पीत असताना मोजू नये. अंगातले झबले छातीपर्यंत वर करावे आणि पोटाकडे पाहावे. पोट वर आले आणि खाली गेले, की एक श्वास. दहा झाले की एक हरभरा वाटीत टाकावा. एकाने घड्याळ पाहावे, दुसऱ्याने पोट. आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर त्यांनी घड्याळाचे काम घ्यावे, किंवा मोबाइलवर मिनिटाचा गजर लावावा. पूर्ण एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नये. लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो, तो मध्येच थबकतो, मध्येच धावतो. आकडा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा एकदा मोजावे. तापामुळेही श्वास वाढतो, म्हणून ताप असेल तर पॅरासिटामॉल देऊन तासाभराने मोजता येईल. मात्र त्या निमित्ताने रात्र काढू नये. आणि मोजून झाले की हरभरे उचलून ठेवा, नाहीतर खोकल्याचे मूल नाकात हरभरा घालून माझ्याकडे यायचे.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक श्वास, म्हणजे सहा हरभरे. दोन महिने पूर्ण झाल्यापासून वर्षाच्या आतल्या बाळाला ५०, म्हणजे पाच. आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४०, म्हणजे चार. मिनिट संपायच्या आत वाटीत इतके हरभरे पडले तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचे. हे जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले आकडे आहेत आणि आपल्या आशाताईही याच आकड्यांवर काम करतात. घरातल्या निरोगी नातवंडाचा श्वास आजच दुपारी, ते झोपले असताना, मोजून पाहा आणि लसीकरणाच्या कार्डामागे लिहून ठेवा. हात बसतो, आणि त्या मुलाचा नेहमीचा आकडा कळतो.

काही लक्षणे दिसली तर मोजत बसायचे नाही. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, बाळाने दूध ओढायचे सोडणे, प्यायलेले सगळे उलटून पडणे, मूल सुस्त होऊन हाकेला न उठणे, झटका येणे, ओठ निळसर होणे. यांपैकी एक जरी दिसले तरी १०८ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने पूर्णा, नांदेड, परभणी यांपैकी जे जवळ पडेल तिथले रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला किंवा त्याचे अंग थंड पडले तरी हेच करायचे. अशा वेळी आखाड्यावर फोन जरूर करा, पण परवानगी मागण्यासाठी नव्हे. ‘आम्ही निघालो, तू तिकडे ये’ एवढेच सांगा. पोट उडते म्हणून पोटावर डाग देण्याची अघोरी रीत मेळघाटात अजून ऐकू येते. आपल्याकडे कुणी तसे सुचवलेच, तर त्या माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवावे.

श्वास जलद नाही, मूल खेळते आहे, पीत आहे, फक्त खोकते आहे, असे असेल तर तो साधा सर्दी-खोकला. तो सात ते दहा दिवस चालतो, नुसता खोकला कधी दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. अंगावरचे दूध चालू ठेवावे, थोडे थोडे आणि अधिक वेळा पाजावे. मोठ्या मुलाला वरणाचे पाणी, पेज, गरम भाकरी-दूध, जे खाईल ते द्यावे. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला चमचाभर मध द्यायला हरकत नाही. वर्षाच्या आत मध अजिबात देऊ नये, चाटणातूनही नाही. खोकल्याचे औषध मात्र दुकानातून आणू नये. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात दूषित खोकल्याच्या औषधाने लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू झाले. त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष सापडले. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकल्याची औषधे देऊच नयेत, अशी सूचना त्यानंतर केंद्र सरकारने काढली. खरे सांगायचे तर औषध शुद्ध असले तरी या वयात त्याचा फायदा नगण्यच असतो. थोरल्या नातवाची उरलेली प्रतिजैविकाची बाटली धाकट्याला पाजणे हाही आपल्या घरांतला जुना प्रकार आहे. पाण्यात कालवलेले ते औषध काही दिवसांतच निकामी होते, आणि धाकट्याची मात्राही निराळी असते. न्यूमोनिया असलाच तर त्याचे नेहमीचे औषध स्वस्त आहे, सरकारी केंद्रात मोफत मिळते. सांगितलेले सगळे दिवस ते द्यावे, दुसऱ्या दिवशी मूल हसू लागले म्हणून थांबवू नये.

कार्ड हातात घेतलेच आहे तर त्यावर पीसीव्ही ही अक्षरे शोधा. न्यूमोनियाच्या एका प्रमुख जिवाणूविरुद्धची ही लस २०२१ पासून देशभर मोफत मिळते: सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर. सुगीच्या धांदलीत नवव्या महिन्याची खेप चुकलेली मला बऱ्याचदा दिसते. चुकली असेल तर उशिरा का होईना, आशाताईंना विचारून घ्यावी.

शेवटी तुमच्या स्वतःच्या खोकल्याविषयी. नातवंड तुमच्या कुशीत झोपते, तुमच्या ताटात जेवते. तुम्हांला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, संध्याकाळी कणकण वाटत असेल, वजन उतरत असेल, तर ‘हा आमचा विडीचा खोकला’ किंवा ‘वयाचा खोकला’ म्हणून अंगावर काढू नका. विशेषतः मधुमेह असलेल्यांनी. तो क्षयरोग असू शकतो आणि घरातल्या मोठ्या माणसाचा क्षय लहान मुलात अधिक घातक रूप घेतो. थुंकीची तपासणी आणि उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत आहेत. निदान होईपर्यंत नातवंडाला शेजारच्या अंथरुणावर झोपवा, तोंडाला पदर किंवा उपरणे धरून खोका, आणि पाऊस उघडला की खोलीची दारे उघडी टाका.