रविवारची भांडी

८ मे २०२५ रोजी नवे परमगुरुस्वामी निवडले गेले आणि त्यांनी 'लिओ' हे नाव धारण केले, तेव्हा आपल्या घराघरांत त्याचे कौतुक झाले. हे नाव का घेतले हे त्यांनी दोनच दिवसांनी कार्डिनलांपुढे सांगितले. तेरावे लिओ ह्यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढून यंत्रयुगात भरडल्या जाणाऱ्या श्रमिकांची बाजू घेतली होती. नव्या परमगुरूंना त्याचे स्मरण ठेवावयाचे होते. पुढच्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात ह्या नावावर चांगलीच चर्चा रंगली. मग मंडळी आपापल्या घरी गेली. अनेक घरांतून त्याच वेळी मोलकरीण भांडी घासून, फरशी पुसून बाहेर पडत होती.

त्या बाईला रविवारची पगारी सुट्टी मिळणे हा तिचा हक्क आहे, आणि तो नाकारून आपण देवाची तिसरी आज्ञा मोडत आहोत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ही आज्ञा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात एका ओळीत पाठ करतो. परंतु निर्गमाच्या विसाव्या अध्यायात ती बरीच लांब आहे. विसावा कोणाकोणाला द्यावयाचा ह्याची तेथे यादीच दिली आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि आपल्या वेशीच्या आत राहणारा परकासुद्धा. पाठांतराच्या सोयीसाठी आपण आज्ञा आखूड केली आणि नेमकी दासीच गाळली!

हे बोलू लागलो की उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर, "फादर, ती आमच्या घरातलीच आहे." असेल, तर तिचा चहाचा कप वेगळा का? घरातले माणूस चार दिवस तापाने फणफणले तर त्याचे खाडे मोजून पैसे कापले जातात काय? दुसरे उत्तर, "नाताळला आम्ही तिला साडी देतो, फराळ देतो." अवश्य द्यावा. मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी जो आदेश काढला, त्यात हा मुद्दा निकालात निघाला आहे. जे न्यायाने देणे लागतो ते दया म्हणून देऊ नये, असा त्याचा आशय आहे. साडी ही दया झाली. पगारी रजा हे देणे आहे. आणि कामकऱ्याची मजुरी अडकवून ठेवणे हे स्वर्गाकडे दाद मागणारे पाप आहे, असे संत याकोबाच्या पत्रापासून आजच्या धर्मशिक्षणग्रंथापर्यंत सर्वत्र सांगितलेले आहे.

तिसरे उत्तर जरा वजनदार आहे. "आम्ही काही कारखानदार नव्हे. आमचेच कसेबसे भागते." हे आम्ही हसण्यावारी नेत नाही, धर्मग्रामातील कोणत्या घरात कर्जाचे किती हप्ते चालू आहेत, हे आम्हांस ठाऊक असते. पण ह्याच घरांतील वडीलधाऱ्यांना आम्ही विचारू इच्छितो, तुम्ही वर कसे आलात? कोणी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, कोणी रेल्वेत, कोणी पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये. आठवड्याची सुट्टी १९४८ च्या कारखाना कायद्याने मिळाली, ग्रॅच्युइटी १९७२ च्या कायद्याने. हे कोणा मालकाने साडीबरोबर दिलेले नव्हते. त्यामागे संप होते, लाठ्या होत्या, बुडालेले पगार होते. त्या जोरावर आपली मुले शिकली, सदनिका झाल्या, आणि घरात मोलकरीण आली. आपण मालक झालो, एवढेच. आणि मालक होताच मालकांची भाषा आपल्याला विनासायास येऊ लागली.

पुण्याला हा विषय नवा नाही. १९८० साली ह्या शहरातील मोलकरणींनी संप केला होता. रजा आणि पगार ह्यांचाच प्रश्न होता. भल्याभल्या घरांतील सिंक तुंबले, तेव्हा कोठे ह्या कामाची गणना काम म्हणून झाली. त्या लढ्यातून पुण्यात मोलकरणींची संघटना उभी राहिली. आपल्याही धर्मपरिवारात सिस्टर जीन डेव्हो ह्यांनी १९८५ पासून घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ चालवली. आमच्या प्रवचनांतून मात्र ते नाव क्वचितच ऐकू येते.

शासनाने पुढे काय केले? २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. नाव भारदस्त आहे. परंतु त्याने मंडळ दिले, नोंदणी दिली, काही मदतीच्या योजना दिल्या. किमान वेतन, कामाचे तास आणि आठवड्याची सुट्टी हे तिन्ही विषय बाहेरच राहिले. शेजारच्या कर्नाटकाने २००४ सालीच घरकामाला किमान वेतन लागू केले होते. १६ जून २०११ रोजी जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने घरकामगारांसाठी करार संमत केला, त्यात आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती आहे. भारताने त्यावर अद्याप अंतिम शिक्कामोर्तब केलेले नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या, एकोणतीस जुने कायदे त्यांत विलीन झाले. सामाजिक सुरक्षेच्या संहितेत घरकामगारांचा उल्लेख आहे, पण तो योजनांचे लाभार्थी म्हणून. सुट्टी आणि कामाचे तास ज्या संहितेत आहेत, ती सर्वसाधारणपणे दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. आता दहा मोलकरणी कोणाच्या घरी असणार?

"बाई पाच घरची कामे करते, तिचा मालक नक्की कोण?" असा एक कायदेशीर वाटणारा प्रश्न आमच्यापुढे नेहमी टाकला जातो. ह्याचे उत्तर फार दूर शोधावयास नको. पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभे राहिलेले आपले सिटी चर्च नाना पेठेत आहे. त्याच नाना पेठेत डॉ. बाबा आढाव ह्यांचा दवाखाना होता. ओझी वाहून मान आणि कंबर मोडलेले हमाल त्यांच्याकडे येत, आणि औषधाने हे दुखणे जाणार नाही हे ओळखून त्यांनी हमाल पंचायत उभारली. हमालही सकाळी एका अडत्याची पोती उचलतो, दुपारी दुसऱ्याची. त्याचा मालक कोण? १९६९ च्या माथाडी कायद्याने ह्यावर युक्ती काढली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावी. मंडळाने हमालाला पगार द्यावा आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी रजा ह्यांची तजवीज करावी. मालक अनेक असले तरी जबाबदारी एके ठिकाणी गोळा करता येते, हे महाराष्ट्राने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. बाबा ८ डिसेंबर २०२५ रोजी वारले. त्यांच्यावरील गौरवपर लेख आपण वाचले. तोच नियम आपल्या मोरीपर्यंत येऊ द्यावयास आपण तयार आहोत काय? शासनाने घरकामगारांसाठी असेच मंडळ करावे, ही मागणी धर्मग्रामाधर्मग्रामांतून सह्यांनिशी जावयास हवी.

कायदा होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. रविवारची सुट्टी द्यावयास अध्यादेश लागत नाही. कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी, बाई आमच्याकडे काम करते अशा चार ओळी लिहून देतानाही पुष्कळांचा हात आखडतो, तो मोकळा करावयासही लागत नाही.

येथे आमचीही कबुली दिली पाहिजे. धर्मगुरुनिवासातील स्वयंपाक करणाऱ्या बाई वर्षानुवर्षे रविवारी येत होत्या. वेदीवरून विसाव्याचा उपदेश करून आम्ही त्यांच्या हातचे गरम जेवत होतो. गेल्या महिन्यापासून रविवारी त्या येत नाहीत, पगार कापलेला नाही. वरणभात आम्ही करतो. पहिल्या रविवारी भात करपला होता.

धर्मग्राम परिषदेच्या पुढील बैठकीत हा विषय आम्ही मांडणार आहोत. ज्यांना विरोध करावयाचा आहे त्यांनी जरूर यावे. येताना आपल्या घरी काम करणाऱ्या बाईचे पूर्ण नाव आणि ती आपल्याकडे कोणत्या साली लागली, हे घरी कोणाला न विचारता एका कागदावर लिहून आणावे. कितीजण कागद भरून आणतात, हे आम्हांस पाहावयाचे आहे.