शून्य जिवाणू, पण किती पाण्यात, आणि कोणत्या नळाच्या?

‘पाण्यातील घातक जिवाणू आता काही मिनिटांत ओळखता येणार’ असे मथळे देशाच्या विज्ञानवार्तांत वारंवार झळकतात. कधी नवा संवेदक, कधी नवी चिप. संशोधकांच्या कौशल्याविषयी शंका नाही. आक्षेप मथळ्याला आहे: तो वेळ सांगतो आणि आकारमान लपवतो.

भारतीय मानक आयएस 10500 नुसार पिण्याच्या पाण्याच्या कोणत्याही 100 मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय आढळता कामा नये. जी चिप 10 मायक्रोलिटरचा थेंब तपासते, ती या नमुन्याचा दहा हजारावा भाग पाहते. ‘मिलिलिटरमागे 100 पेशी’ ही शोधमर्यादा शोधनिबंधात दिमाखदार दिसते. मानकाच्या भाषेत तिचा अर्थ असा की, 100 मिलिलिटरमध्ये जवळजवळ 10,000 पेशी असल्या तरी यंत्र गप्प राहू शकते. पाणी आधी गाळून जिवाणू एकवटले तर ही अडचण सुटते. पण त्या गाळण्याचा वेळ मथळ्यातल्या मिनिटांत क्वचितच धरलेला असतो.

जुनी पद्धत मंद आहे, पण ती संपूर्ण नमुना पाहते. 100 मिलिलिटर पाणी 0.45 मायक्रोमीटर छिद्रांच्या पटलातून गाळतात, पटल पोषक माध्यमावर ठेवतात आणि सुमारे 24 तासांनी वसाहती मोजतात. हा विलंब आळसाचा नव्हे. जिवंत पेशीने वाढून दिलेली ती साक्ष आहे. पीसीआर काही तासांत उत्तर देते, परंतु क्लोरीनने मेलेल्या जिवाणूचा डीएनएही ती मोजू शकते.

शिवाय, एका बाटलीतील शून्यावर किती विसंबावे? पाण्यात 100 मिलिलिटरमागे सरासरी एक जिवाणू असेल, तर प्वासाँच्या गणितानुसार शंभरातील सुमारे 37 नमुने निर्दोष निघतील. म्हणजे एकदाच घेतलेला नमुना हा पुरावा नसून केवळ एक कौल आहे.

आता ही बाटली कोठे भरली, ते पाहावे. रायपूरला खारून नदीचे पाणी शुद्ध करून पुरवले जाते. महामाया मंदिराभोवतीच्या पुरानी बस्तीसारख्या जुन्या, दाट वस्तीत ते पोहोचेपर्यंत शुद्धीकरण केंद्रातील अहवाल शिळा झालेला असतो. पुरवठा थांबून नळातील दाब उतरला की गळक्या सांध्यांतून बाहेरची घाण आत शिरू शकते. पाणी परत येते तेव्हा पहिली घागर त्याच घाणीची असू शकते. 2020 च्या एप्रिलमध्ये, ऐन टाळेबंदीत, रायपूरच्या अनेक वस्त्यांत कावीळ पसरली. तेव्हा नाल्यांतून जाणाऱ्या जलवाहिन्यांची चर्चा झाली, संवेदकांची नव्हे.

कावीळ तर आणखी एक धडा देते. 1955-56 मध्ये दिल्लीत सांडपाणी पाणीपुरवठ्यात मिसळले आणि सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. क्लोरीनची मात्रा वाढवली होती. विषमज्वर व आमांश वाढले नाहीत, पण विषाणू निभावून गेला. पुढे तो हेपटायटिस ई ठरला. जिवाणू सापडला नाही, म्हणजे पाणी निर्धोक झाले असे नव्हे.

जलद चाचणीने प्राण वाचतील, हे खरेच. पण ती नळाच्या टोकाशी झाली तर. 1982 मध्ये मांजा व सहकाऱ्यांनी मांडलेली, हायड्रोजन सल्फाइडने पाणी काळे करणारी चाचणी त्याच हेतूची होती. ती स्वस्त आहे आणि तिला प्रयोगशाळा लागत नाही. तिने नेमकी संख्या मिळत नाही, तरी घरातल्या बाटलीतच धोक्याची सूचना मिळते. उर्वरित क्लोरीन तर काही मिनिटांत मोजता येतो. मानकानुसार तो लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. वस्तीच्या शेवटच्या नळावर, पाणी सुटताक्षणी ही मोजणी करून आकडा त्याच दिवशी चौकात लावण्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.

पुढचा मथळा येईल तेव्हा विद्यार्थ्यांनी त्याला इतकेच विचारावे: पाणी किती पाहिले, कोणत्या नळाचे, कोणत्या वेळी? आणि निकाल कळला कोणाला: नियतकालिकाला, की ते पाणी पिणाऱ्याला?