ताजव्यावांचून शास्त्र

द्रव्य उत्पन्न करितां येत नाहीं व त्याचा नाशही करितां येत नाहीं, हें वाक्य आमच्या शाळांतील कोणताही मुलगा एका दमांत म्हणून दाखवील. मग त्यासच विचारा कीं, बाबा रे, भारा भर लांकूड जाळिलें आणि टोपलीभर राख उरली. बाकीचें गेलें कोठें? ‘जळून गेलें’ असेंच उत्तर बहुधा मिळेल! ह्यांत मुलाचा दोष आम्ही मानीत नाहीं. ज्या वर्गांत ताजवा कधीं टेबलावर आलाच नाहीं, तेथें निराळें उत्तर यावें कसें?

हा नियम मुळांत हिशेबाचा आहे, आणि आमचे व्यापारी वाचक तो इतरांहून लवकर जाणतील. फ्रान्सांतील रसायनवेत्ता लव्हाझिए हा सरकारी कर वसूल करणाऱ्या ठेकेदारमंडळींचा भागीदार होता. (त्याच ठेक्यापायीं १७९४ सालीं त्याचा शिरच्छेद झाला, ही गोष्ट निराळी.) जमाखर्च जुळलाच पाहिजे ही दृष्टि त्यानें प्रयोगशाळेंतही सोडिली नाहीं. १७७४ सालीं त्यानें बंद काचपात्रांत कथील तापविलें. पात्राचें वजन होतें तेंच राहिलें. पात्र उघडतांच हवा आंत शिरली व वजन वाढलें.

आमच्या शाळेस इतकेंही करावयास नको. शीतपेयाच्या दोन लिटरच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलींत शंभर मिलिलिटर व्हिनेगर घ्यावें, पांच ग्रॅम खाण्याच्या सोड्याची पुडी दोऱ्यानें गळ्याशीं अडकवावी, टोपण घट्ट लावून वजन करावें व बाटली उपडी करावी. काचेची बाटली मात्र घेऊं नये. आंत फेंस उसळतो, बाटली ताठ होते, आणि काटा तसूभरही हलत नाहीं. नंतर टोपण सैल करितांच दीडदोन ग्रॅमांची घट दिसते. लांकडाचें काय झालें हें मग मुलास निराळें सांगावें लागणार नाहीं.

कित्येक शिक्षक टोपणाऐवजीं फुगा बसवितात. त्यांत एक खोंच आहे. फुगा फुगला म्हणजे काटा वजन घटलेलें दाखवितो. ही घट द्रव्याची नव्हे. फुगा आपल्या आकाराइतकी हवा बाजूस सारतो, आणि एक लिटर हवेचें वजन सुमारें १.२ ग्रॅम असल्यामुळें तितकें तो हलका भासतो. हें न सांगितल्यास मुलगा नियमच खोटा ठरवून घरीं जाईल, व आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेविल्याबद्दल त्यास दोष देतां येणार नाहीं.

चांगला काटा महाग पडतो, ही सबब आम्हांस मान्य नाहीं. पेठेंतील सराफाच्या दुकानीं सोन्याचा कण तोलणारा काटा रोज चालतो; छोट्या बाटलींत थोडक्या सोड्यानें हा प्रयोग त्यावरही होईल. शाळाचालकांनीं तो एक दिवस मागून आणावा, व सराफमंडळींनीं आनंदानें द्यावा. आणि परीक्षेंत नियमाची व्याख्या विचारण्याऐवजीं मुलापुढें बाटली व काटा ठेवून, टोपण सैल करण्यापूर्वींच वजनाचें काय होईल व कां, हें त्याच्याकडून लिहून घ्यावें.