ध्यानाचा तास नको, एक रजिस्टर कमी करा

अंगणवाडी सेविकांवरच्या ताणाचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं: तणावमुक्तीची कार्यशाळा घ्या. दीपप्रज्वलन, दीर्घ श्वसन, सकारात्मक विचारांवर एक भाषण आणि चहा. ध्यानाला माझा विरोध नाही. पण ताण कामाच्या आखणीतून येत असेल, तर औषध सेविकेच्या मनाला कशाला?

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावचंच बघा. घरी नेण्याच्या पोषण आहारासाठी पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर चेहरा पडताळणी सक्तीची झाली ती १ जुलै २०२५ पासून. जुलै म्हणजे इकडे धानाची रोवणी. लेकुरवाळी बाई बांधीत चिखलात उभी. पडताळणीचा ओटीपी येणारा फोन नवऱ्याच्या खिशात आणि नवरा कामाला परगावी. सेविकेने संध्याकाळी तिचं घर गाठायचं, केशोरी-गोठणगावकडच्या जंगलपट्ट्यात रेंज शोधायची, कॅमेऱ्यासमोर तिला डोळे मिचकावायला सांगायचं, चेहरा जुळला नाही की पुन्हा पहिल्यापासून. आहार अडला की बोलणी कोण खातं? अ‍ॅप बनवणारा नव्हे. त्याच आळीत राहणारी सेविका खाते, आणि उद्या त्याच घरी तिला लसीकरणाचं सांगायला जायचं असतं.

‘होईल सवय, बँकांत संगणक आले तेव्हाही ओरड झालीच होती,’ असं म्हणणारे अर्धीच गोष्ट सांगतात. बँकांत संगणकाबाबत १९८३ साली कर्मचारी संघटनांशी रीतसर करार झाला होता. सेविकांशी असं कोण बसलं? ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी निकृष्ट फोन आणि इंग्रजी अ‍ॅपला कंटाळून सरकारी मोबाईल परत केले. त्यांचा राग यंत्रावर नव्हताच. न चालणारं यंत्र हाती देऊन वर जाब विचारला जात होता, त्यावर होता.

‘हे सेवाभावाचं काम, तक्रार कशाला,’ हा मुद्दा तर हास्यास्पद आहे. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने अंगणवाडी सेवा मेस्माखाली, म्हणजे अत्यावश्यक सेवांतल्या संपाला मनाई करणाऱ्या कायद्याखाली आणली. विधिमंडळात गदारोळ झाल्यावर स्थगिती द्यावी लागली. म्हणजे संप करायचा म्हटलं तर ही सेवा अत्यावश्यक, आणि पगार मागितला तर मानसेवी! १९७५ साली सुरू झालेल्या अंगणवाडीच्या योजनेत आजही वेतन नाही, मानधन आहे.

‘१४४१६ वर फोन करा की,’ हेही ऐकलं. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मोफत आहे, आणि झोप उडालेल्या माणसाने ती जरूर वापरावी. पण समुपदेशक सेविकेचं ऐकून घेईल. अ‍ॅपवर भरलेलंच पुन्हा कागदावर भरायचं रजिस्टर तिच्या डोक्यावरून तो उतरवू शकत नाही. कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दिलेल्या शिफारशींतही कामाची परिस्थिती बदलणं आणि वरिष्ठांना प्रशिक्षण देणं या गोष्टी आहेत. आपण त्यातली फक्त ध्यानाची चटई उचलली.

तेव्हा बालविकास प्रकल्प कार्यालयाकडे मागणं साधं आहे. नवी नोंद अ‍ॅपवर आली की तीच कागदावरची नोंद त्याच दिवशी लेखी आदेशाने बंद करा. रोवणी-कापणीच्या दिवसांत पडताळणीला मुदत वाढवून द्या. रेंज नसल्याने राहिलेली नोंद सेविकेच्या नावावर कसूर म्हणून लावू नका. बीटच्या बैठकीत आकड्यांचा हिशेब मागण्याआधी अडचणी विचारा आणि त्या इतिवृत्तात लिहा. एवढं झाल्यावर कार्यशाळा अवश्य ठेवा. फक्त ती रविवारी ठेवू नका.