पाहिले तेच लिहा

वार्षिक परीक्षा जवळ आली की लेखी परीक्षेची तयारी घरोघरी सुरू होते. प्रात्यक्षिक परीक्षेची तयारी मात्र बरेच जण एका रात्रीत उरकतात. कोणाची तरी प्रयोगवही आणायची, कृती, निरीक्षण आणि अनुमान पाठ करायचे आणि सकाळी प्रयोगशाळेत जायचे. माझ्या मते ही प्रात्यक्षिकाची तयारी नव्हेच. हे नुसते पाठांतर झाले.

एक अनुभव सांगतो. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाचा सराव चालू होता. संगमरवराच्या तुकड्यांवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकायचे आणि निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडायचा, असा प्रयोग होता. उर्दूत आपण ज्याला 'चूने का पानी' म्हणतो, तीच ही निवळी. ती दुधासारखी पांढरी झाली, तर तो वायू कार्बन डायऑक्साइड, हे सर्वांना पाठ होते.

एका मुलीने नळी बराच वेळ निवळीत तशीच ठेवली. मी तिची वही पाहिली. 'पांढरी झालेली निवळी पुन्हा स्वच्छ झाली,' असे लिहून तिने ते खोडले होते.

"का खोडलेस?" मी विचारले.

"सर, पुस्तकात असं नाही," ती म्हणाली.

परीक्षा तोंडावर आली होती. "बरे केलेस," असे म्हणून मी पुढे गेलो. घरी आल्यावर मात्र मला माझीच लाज वाटली. तिने लिहिले होते ते अगदी खरे होते. कार्बन डायऑक्साइडमुळे निवळीत आधी कॅल्शिअम कार्बोनेट तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून निवळी पांढरी दिसते. वायू जास्त वेळ सोडला, तर त्याचे कॅल्शिअम बायकार्बोनेट होते. ते पाण्यात विरघळते आणि निवळी पुन्हा स्वच्छ होते. दुसऱ्या दिवशी मी तोच प्रयोग सर्वांसमोर केला आणि खोडलेले वाक्य तिला फळ्यावर लिहायला सांगितले.

मुलांनो, न जुळणारे निरीक्षण खोडून टाकले असते, तर विज्ञान पुढे गेले नसते. इंग्लंडमधील लॉर्ड रॅले हे शास्त्रज्ञ नायट्रोजन वायूची घनता मोजत होते. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक पदार्थांपासून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरत होता. फरक लहान होता, पण त्यांनी तो लपवला नाही. त्याचे कारण शोधताना 1894 साली त्यांना आणि विल्यम रॅम्झे यांना हवेत दडलेला एक नवा वायू सापडला. तोच आरगॉन. 1904 साली दोघांनाही नोबेल पारितोषिक मिळाले.

अर्थात, वेगळे दिसले ते सारेच नवे नसते. परीक्षानळी नीट धुतलेली नसेल किंवा रसायन चुकीचे घेतले असेल, तरीही निरीक्षण बदलते. म्हणून आधी आपली चूक शोधा. नळी धुऊन प्रयोग पुन्हा करा. तरीही तेच दिसले, तर तेच लिहा.

मग तयारी कशी करावी? प्रयोग पाठ करू नका, हाताने करा. आम्ल विरल करताना पाण्यात आम्ल थोडे थोडे टाका. आम्लात पाणी कधीही ओतू नका. वास घ्यायचा असेल, तर नळी नाकाला न लावता हाताने वाफ थोडी आपल्याकडे घ्या. प्रयोग चालू असतानाच निरीक्षण लिहा. प्रत्येक कृतीपुढे 'का?' हा प्रश्न मांडा. तोंडी परीक्षेत बहुधा हाच प्रश्न येतो. ज्याने प्रयोग स्वतः केला आहे, तो त्याचे उत्तर न घाबरता देतो.

आम्हा शिक्षकांनीही एक गोष्ट शिकायला हवी. सुंदर अक्षरातील उतरवलेल्या वहीपेक्षा डाग पडलेली, पण खरी वही आम्हाला अधिक मोलाची वाटली पाहिजे.

प्रयोगवहीत खोटे लिहून दोन गुण मिळतीलही. पण डोळ्यांनी पाहिलेले नाकारण्याची सवय एकदा लागली, की ती प्रयोगशाळेपुरती राहत नाही.