सेफ्टीचा बॅनर गेटवर, पण "प्लांट बंद करा" म्हणायचं कुणी?

४ मार्च आला की महाड एमआयडीसीत गेटागेटावर सुरक्षा दिनाचे बॅनर लागतात. शपथ होते, फोटो होतो, साहेब मधोमध. आम्हा पत्रकारांकडे प्रेसनोट येते : 'साहेबांच्या कुशल नेतृत्वाखाली कार्यक्रम उत्साहात संपन्न.' स्पष्टच विचारतो, कारखान्यात नेतृत्व म्हणजे नेमकं काय हो?

३ नोव्हेंबर २०२३ आठवा. ब्लू जेट हेल्थकेअर कंपनीत आग लागली, ११ कामगार गेले. मृतदेहांची ओळख पटवायला डीएनए चाचणीची वेळ आली. त्या घटनेत दोष कुणाचा, हे ठरवायला तपास यंत्रणा आणि कोर्ट आहे, मी तो निकाल देत नाही. माझा प्रश्न बिरवाडीपासून पुढच्या सगळ्याच केमिकल कंपन्यांना आहे.

रात्रपाळीला रिॲक्टरजवळ उभ्या असलेल्या पोराला वास वेगळा आला, तापमान चढताना दिसलं, तर तो "बंद करा" म्हणू शकतो का? म्हणाला तर दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास चालतो का?

माझ्या मते या दोन प्रश्नांची उत्तरं म्हणजेच त्या कंपनीचं नेतृत्व. बाकी सगळं हारतुरे.

कायद्यात हे नाही असं समजू नका. भोपाळनंतर, १९८७ साली फॅक्टरी ॲक्टमध्ये दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यात सुरक्षा समिती आणली, त्यात कामगार आणि व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी समसमान ठेवले. तातडीचा धोका दिसला तर सांगायचा हक्क कामगाराला. आणि कंपनीच्या बाबतीत 'ऑक्युपायर' म्हणजे डायरेक्टर, शिफ्ट इनचार्ज नव्हे! म्हणजे जबाबदारी वरून सुरू होते. आपल्याकडे मात्र काही झालं की बोट खालून दाखवायला सुरुवात होते : ऑपरेटरची चूक, हेल्परचा निष्काळजीपणा. नफा वाढला तर साहेबांचं नेतृत्व आणि वॉल्व्ह फुटला तर हेल्परची चूक, हा कुठला हिशोब?

त्यात कंत्राटी पद्धत. पोलादपूरच्या वाडीतला पोरगा कंपनीत राबतो, पण कागदावर तो ठेकेदाराचा. तक्रार कुणाकडे करायची? कंपनी म्हणते ठेकेदाराला सांग, ठेकेदार म्हणतो जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस. बायकापोरं, घराचा हप्ता डोळ्यासमोर आला की माणूस गप्प बसतो. ही शांतता म्हणजे शिस्त नव्हे, साहेब. ती भीती आहे. आणि भ्यालेला माणूस धोक्याची खबर वर पोचवत नाही.

कागद बरोबर असून भागत नाही, हे महाडकरांना वेगळं सांगायला नको. चवदार तळं सर्वांना खुलं करायचा नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. पाण्याला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. बाबासाहेब पुढे झाले, सुरबानाना टिपणिसांसारखी इथली माणसं सोबत उभी राहिली, तेव्हा त्या कागदाला जीव आला. नेतृत्व असं असतं, स्वतः पुढे जाणारं.

कुणी म्हणेल, हा कारखाने बंद पाडायला निघालाय. अजिबात नाही. कारखाने हवेत, आपल्या पोरांना मुंबईची वाट धरायला लागू नये म्हणून तर हवेतच. पण दोन तास प्लांट थांबला तर कंपनी बुडत नाही. घरातला कमावता गेला तर घर बुडतं.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक कंपनीने सुरक्षा समितीतल्या कामगारांची नावं मराठीत गेटवर लावावीत. त्यात कंत्राटी कामगारही असावा. धोका सांगितला म्हणून कुणाचं काम जाणार नाही, असं व्यवस्थापनाने सहीनिशी लिहून द्यावं. आणि डायरेक्टर साहेबांनी वर्षातून एकदा तरी रात्रपाळीला प्लांटवर फिरावं, फोटोग्राफरशिवाय.

तुमच्या कंपनीच्या समितीत कामगारांतर्फे कोण आहे, माहीत आहे का? नसेल तर उद्याच्या पाळीला विचारा. एकट्याने नको, चौघं मिळून विचारा.